‘रोजी’ला ऑन, ‘वाजता’ला ॲट: मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी इंग्रजी प्रिपोझिशन

घरी, सोमवारी, सकाळी, रात्री. चारही शब्दांना आपण एकच ‘ई’ लावली. शाळेत पाठ केलेली सप्तमी: त, ई, आ. इंग्रजीत याच चार शब्दांचं ‘ॲट होम’, ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’ आणि ‘ॲट नाइट’ होतं. एका प्रत्ययाला तीन वेगळे शब्द. त्यातला कुठला घ्यायचा, हे त्या ‘ई’कडे कितीही वेळ बघत बसलं तरी कळत नाही.

मी कोल्हापुरात संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. नर्सिंगच्या मुली येतात, शिरोली एमआयडीसीतून शिफ्ट संपवून मुलं येतात, बँकेच्या परीक्षा देणारे येतात. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांशी नीट बोलता यावं म्हणून आलेली ज्येष्ठ मंडळीही असतात. कुणाचं व्याकरण पक्कं असतं, कुणाचं कच्चं, पण प्रिपोझिशनला सगळे एकाच ठिकाणी अडतात. मनात मराठी वाक्य तयार होतं, त्यातल्या ‘त’चं ‘इन’, ‘वर’चं ‘ऑन’ आणि ‘ला’चं ‘टू’ करून ते बाहेर पडतं. बऱ्याचदा ते बरोबरही येतं आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही.

वर्गात माझं पहिलं सांगणं हेच असतं की प्रत्ययाचं भाषांतर करू नका. त्या जागेचं किंवा वेळेचं चित्र डोळ्यासमोर आणा आणि इंग्रजी शब्द त्या चित्राला लावा.

जागा: ठिपका, पृष्ठभाग, आतली बाजू

कोल्हापूरकर रोज म्हणतात, ‘आम्ही रंकाळ्यावर भेटलो.’ हे वाक्य तसंच उचलून ‘वी मेट ऑन रंकाळा’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला तुम्ही पाण्यावर, होडीत बिडीत भेटलात असं वाटेल. ‘वी मेट इन रंकाळा’ म्हटलं तर तुम्ही पाण्यात उतरला होतात. तुम्हाला सांगायचं असतं की शहरात भेटायची जी ठिकाणं आहेत, त्यातलं हे एक. नकाशावर बोट ठेवून दाखवावं असा तो ठिपका आहे. ठिपक्याला ‘ॲट’. म्हणून ‘वी मेट ॲट रंकाळा’. तिथल्या माशांबद्दल बोलायचं असेल तर ते आत आहेत, म्हणून ‘इन’. पाण्यावर पसरलेली जलपर्णी पृष्ठभागाला टेकून आहे, म्हणून ‘ऑन’. तलाव एकच, बोलणारा त्याच्याकडे कसा बघतो त्यावर शब्द ठरला.

हे तीन प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा. मी या जागेकडे एक ठिपका म्हणून बघतोय का? तर ‘ॲट’. ती वस्तू एखाद्या पृष्ठभागाला किंवा रेषेला टेकलेली आहे का? तर ‘ऑन’. ती चारी बाजूंनी वेढलेल्या जागेच्या आत आहे का? तर ‘इन’. रेषा हा शब्द लक्षात ठेवा, कारण रस्ता, नदी, किनारा, सीमा या सगळ्या इंग्रजीच्या दृष्टीने रेषा आहेत. कोल्हापूर पंचगंगेच्या काठी आहे, तर ‘कोल्हापूर इज ऑन द पंचगंगा’. पंढरपूर ‘ऑन द भीमा’. इथे शहर नदीच्या पाण्यावर तरंगत नाही, त्या रेषेला लागून आहे.

पत्ता सांगताना तिन्ही शब्द एकत्र येतात. घराचा नंबर हा ठिपका, म्हणून ‘ॲट’. रस्ता ही रेषा, म्हणून ‘ऑन महाद्वार रोड’. पेठ, उपनगर, गाव, जिल्हा, देश यांना हद्द असते, आपण त्यांच्या आत असतो, म्हणून ‘इन राजारामपुरी’, ‘इन कोल्हापूर’, ‘इन महाराष्ट्र’. रस्त्याला ‘स्ट्रीट’ हा शब्द असेल तर ब्रिटिश लोक ‘इन द स्ट्रीट’ही म्हणतात, अमेरिकन ‘ऑन’. ते वाचनात आलं तर गोंधळू नका.

दसरा चौकाचं उदाहरण मला फार उपयोगी पडतं. ‘दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे’ म्हणताना चौक ही एक मोकळी जागा आहे आणि पुतळा तिच्या आत आहे, म्हणून ‘देअर इज अ स्टॅच्यू इन दसरा चौक’. रिक्षावाल्याला ‘दसरा चौकात डावीकडे घ्या’ सांगताना तोच चौक तुमच्या वाटेवरचा एक ठिपका झाला, म्हणून ‘टर्न लेफ्ट ॲट दसरा चौक’. मराठीत दोन्हीकडे ‘चौकात’ आहे.

आता ‘वर’चा बंदोबस्त करू. मराठीत आपण स्टेशनवर, स्टँडवर, कामावर, दारावर, सिग्नलवर, टेबलावर म्हणतो. यातल्या बहुतेक ठिकाणी इंग्रजीला ‘ॲट’ हवा असतो: ‘ॲट द स्टेशन’, ‘ॲट द बस स्टँड’, ‘ॲट वर्क’, ‘ॲट द सिग्नल’. दारावर कोणीतरी आलंय तर ‘समवन इज ॲट द डोअर’, दारावर तोरण आहे तर ते दाराला टेकलंय, म्हणून ‘ऑन द डोअर’. जेवायला टेबलावर बसलो म्हणजे ‘ॲट द टेबल’. ‘ऑन द टेबल’ ताटं असतात. प्लॅटफॉर्म मात्र पृष्ठभाग आहे, आपण त्याच्यावर उभे राहतो, तेव्हा ‘ऑन द प्लॅटफॉर्म’. फोनवर, टीव्हीवर, इंटरनेटवर या तिन्ही ठिकाणी ‘ऑन’च येतो. मराठीचा ‘वर’ इथे तंतोतंत जुळतो.

काही जोड्यांमध्ये मराठी आपल्याला मदतच करते, फक्त ऐकायला हवं. ‘खोलीच्या कोपऱ्यात’ आणि ‘रस्त्याच्या कोपऱ्यावर’ हा फरक आपण न शिकता पाळतो. इंग्रजीतही खोलीचा कोपरा ‘इन द कॉर्नर’ आणि रस्त्याचा ‘ॲट द कॉर्नर’ किंवा ‘ऑन द कॉर्नर’. तसंच भिंतीवर फोटो ‘ऑन’, भिंतीत खिडकी ‘इन’. झाडाबाबत मात्र सावध राहा. आंबा झाडावर आणि पोपटही झाडावर, पण इंग्रजीत आंबा ‘ऑन द ट्री’, कारण तो झाडाला धरून आहे, आणि पोपट बहुधा ‘इन द ट्री’, कारण तो फांद्यापानांच्या आत बसलाय. पलंगावर घड्या करून ठेवलेले कपडे ‘ऑन द बेड’, पांघरूण घेऊन झोपलेला माणूस ‘इन बेड’.

नर्सिंगच्या मुलींसाठी हॉस्पिटल हा शब्द स्वतंत्र शिकवावा लागतो. ब्रिटिश पद्धतीत पेशंट दाखल झालेला असतो तेव्हा ‘ही इज इन हॉस्पिटल’, मध्ये ‘द’ नाही. अमेरिकेत ‘इन द हॉस्पिटल’. नातेवाईक डबा घेऊन आलेत किंवा तुम्ही ड्यूटीवर आहात तर ‘ॲट द हॉस्पिटल’. फोनवर ‘माय सिस्टर इज इन हॉस्पिटल’ म्हटलं की पलीकडचा माणूस काळजीने विचारणार, काय झालं? ती तिथे नोकरी करते एवढंच सांगायचं असेल तर ‘शी वर्क्स ॲट अ हॉस्पिटल’ किंवा ‘इन अ हॉस्पिटल’, दोन्ही चालतं.

गाड्यांचा नियम सोपा आहे आणि तो जवळजवळ कधी फसवत नाही. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं किंवा ज्याच्यावर टांग टाकून बसतात त्याला ‘ऑन’: बस, रेल्वे, विमान, जहाज, सायकल, मोटरसायकल, घोडा. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला ‘इन’: कार, टॅक्सी, रिक्षा. उतरतानाही हाच भेद राहतो. बसमधून उतरलो ‘गॉट ऑफ द बस’, रिक्षातून उतरलो ‘गॉट आउट ऑफ द रिक्षा’. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’ हे प्रवासाचं साधन सांगायला, आणि त्यात मध्ये ‘अ’, ‘द’, ‘माय’ काहीच येत नाही. ‘बाय माय फादर्स कार’ होत नाही, ‘इन माय फादर्स कार’ होतं. पायी म्हणजे ‘ऑन फूट’.

रस्ता सांगताना अडवणारे शब्द

‘समोर’ हा शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, कारण त्याने माणसं खरोखर चुकीच्या जागी पोचतात. दुकान बँकेच्या समोर आहे म्हणजे रस्त्यापलीकडे, तोंडासमोर? मग ‘ऑपोझिट द बँक’. की बँकेच्या दारापुढे, त्याच बाजूला, जिथे भेळेची गाडी लागते तिथे? मग ‘इन फ्रंट ऑफ द बँक’. ‘ऑपोझिट’च्या पुढे ‘टू’ लावायचं नाही.

‘मागे’साठी ‘बिहाइंड’ म्हणा. ‘बॅकसाइड ऑफ द बँक’ हे आपल्याकडे पाट्यांवरसुद्धा दिसतं, पण इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसासाठी त्या शब्दाचा अर्थ शरीराचा भाग असा होतो. तो पत्त्यात कधीच नको. ‘शेजारी’साठी ‘नेक्स्ट टू’ किंवा ‘बिसाइड’. ‘बिसाइड्स’ म्हणजे ‘शिवाय’. शेवटच्या एका ‘स’ने अर्थ बदलतो. ‘जवळ’साठी नुसतं ‘निअर’: ‘निअर द स्टँड’, मध्ये ‘टू’ नाही, ‘ऑफ’ नाही. डावीकडे, उजवीकडे ‘ऑन द लेफ्ट’, ‘ऑन द राइट’. मजला नेहमी ‘ऑन’, पान नेहमी ‘ऑन’, पण बातमी ‘इन द पेपर’ आणि माणूस ‘इन द फोटो’.

‘मध्ये’ हा शब्दही दोन कामं करतो. कराड सातारा आणि कोल्हापूर यांच्या मध्ये आहे: नावं घेऊन सांगता येणाऱ्या ठिकाणांमधलं, म्हणून ‘बिट्वीन’. मित्रांमध्ये, गर्दीमध्ये, म्हणजे घोळक्यात, तिथे ‘अमंग’. दोन असले की ‘बिट्वीन’ आणि जास्त असले की ‘अमंग’ असं पाठ करून घेतात, ते पुरेसं नाही. ‘कोल्हापूर, सांगली आणि सातारा यांच्यातला करार’ म्हणताना तीन असूनही ‘बिट्वीन’च येईल, कारण प्रत्येक बाजू वेगळी मोजलेली आहे.

काही क्रियापदांना प्रिपोझिशन चालतच नाही. ‘स्टेशनला पोचलो’ याचं ‘रीच्ड द स्टेशन’, ‘खोलीत शिरलो’ याचं ‘एंटर्ड द रूम’, ‘किल्ल्याला भेट दिली’ याचं ‘व्हिजिटेड द फोर्ट’. मराठीतले ‘ला’ आणि ‘त’ इथे पूर्ण गाळायचे. ‘अराइव्ह’ला मात्र लागतं: ठिकाण असेल तर ‘ॲट’, शहर किंवा देश असेल तर ‘इन’, आणि ‘टू’ कधीच नाही. ‘गो होम’, ‘कम हिअर’, ‘गो देअर’, ‘गो अब्रॉड’ यांत काही घालू नका.

आणि ‘ला’. ‘मी कॉलेजला चाललोय’ आणि ‘मी कॉलेजला आहे’, दोन्हीकडे एकच ‘ला’. चालत असाल तर ‘टू’, पोचला असाल तर ‘ॲट’. हालचाल आहे की मुक्काम, एवढं बघा.

वेळ: लग्नपत्रिका हातात घ्या

वेळेच्या बाबतीत मराठीने आपल्याला एक भक्कम आधार दिलाय आणि तो घरोघरी पडलेला असतो. एखादी लग्नपत्रिका घ्या. ‘रविवार, दिनांक 12 मे रोजी दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी’ आणि खाली कार्यालयाचं नाव, मग ‘कोल्हापूर येथे’. यात ‘रोजी’ जिथे बसतो तिथे इंग्रजीत ‘ऑन’. ‘वाजता’ किंवा ‘वाजून मिनिटांनी’ जिथे बसतं तिथे ‘ॲट’. ‘साली’ किंवा ‘महिन्यात’ जिथे बसतं तिथे ‘इन’. बोलताना आपण ‘रविवारी’ म्हणतो, पण मनात ‘रविवार रोजी’ करून बघता येतं. करता आलं, की ‘ऑन संडे’. त्याच पत्रिकेची इंग्रजी बाजू वाचा: ‘ऑन संडे, 12 मे, ॲट 12.35 पीएम’. पीएम लिहिलं की पुन्हा ‘इन द आफ्टरनून’ लिहायची गरज नाही. स्थळाच्या बाबतीत कार्यालयाला ‘ॲट’ आणि गावाला ‘इन’.

वर्गात मी हे शाहू महाराजांच्या तारखांवर घटवून घेते, कारण त्या आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी झाला: ‘ऑन 26 जून 1874’. फक्त ‘इन जून 1874’ म्हणा, किंवा ‘इन 1874’, किंवा ‘इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी’. तारीख गेली की ‘ऑन’ गेला. 1902 साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या: ‘इन 1902’. तो आदेश 26 जुलैचा: ‘ऑन 26 जुलै 1902’. मे 1922 मध्ये त्यांचं मुंबईत निधन झालं: ‘इन मे 1922, इन मुंबई’, पहिला ‘इन’ काळाचा, दुसरा जागेचा. आणि तारखेसह ‘ऑन 6 मे 1922’.

दिवसाच्या भागांसाठी नियम शोधत बसू नका, ते जिभेवर बसवा: ‘इन द मॉर्निंग’, ‘इन द आफ्टरनून’, ‘इन द इव्हनिंग’, पण ‘ॲट नाइट’, ‘ॲट नून’, ‘ॲट मिडनाइट’. पुढे वार जोडला की दिवस जिंकतो: ‘ऑन मंडे मॉर्निंग’, ‘ऑन सॅटर्डे नाइट’. सणांमध्ये एकच दिवस असेल तर ‘ऑन’: ‘ऑन गुढीपाडवा’, ‘ऑन गणेश चतुर्थी’. अनेक दिवस चालणारा उत्सव असेल तर ‘ड्युरिंग’: ‘ड्युरिंग नवरात्र’. शनिवार-रविवारला ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’; यावरून कुणाचे मार्क कापू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

‘धिस’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘एव्हरी’ हे चार शब्द वेळेच्या पुढे आले की आधी काहीही लावायचं नाही. मराठीत ‘गेल्या वर्षी’, ‘पुढच्या सोमवारी’, ‘दर रविवारी’ यांना प्रत्यय असतो, म्हणून हात शिवशिवतात आणि ‘इन लास्ट इयर’ लिहिलं जातं. नुसतं ‘लास्ट इयर’, ‘नेक्स्ट मंडे’, ‘एव्हरी संडे’.

पासून आणि पर्यंत

आता खरी अवघड जागा. इथे थांबून, सावकाश वाचा.

‘पासून’ला आपण सरसकट ‘सिन्स’ करतो. ‘दोन दिवसांपासून ताप आहे’ याचं ‘फीवर सिन्स टू डेज’ होतं आणि भारतभर होतं. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो: सोमवार, 2019, सकाळचे दहा. मोजून सांगितलेला काळ असेल, म्हणजे दोन दिवस, पाच वर्षं, अर्धा तास, तर ‘फॉर’. मराठीत तपासायचं असेल तर प्रश्न विचारा. ‘कधीपासून?’चं उत्तर कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता आलं तर ‘सिन्स’. ‘किती दिवस झाले?’चं उत्तर असेल तर ‘फॉर’. शिवाय क्रियापदही बदलतं. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019’ हे अर्धं बरोबर आहे, पूर्ण बरोबर ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019’. काम सुरू होऊन संपलेलं असेल तर ‘फ्रॉम 2019 टू 2022’.

‘पर्यंत’मध्ये तर पैशाचं, नोकरीचं नुकसान होतं. ‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे’. पहिल्या वाक्यात काम एकदाच व्हायचं आहे, शुक्रवार ही त्याची शेवटची मुदत. तिथे ‘बाय फ्रायडे’. दुसऱ्यात एक स्थिती शुक्रवार येईतो चालूच राहते. तिथे ‘अंटिल फ्रायडे’ किंवा ‘टिल फ्रायडे’. मराठीत कसोटी अशी: ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत फॉर्म भरा’ चालतं, म्हणून ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत ऑफिस बंद आहे’ चालत नाही, म्हणून ‘अंटिल’.

क्रियापदाला लागलेल्या ‘पर्यंत’लाही हीच कसोटी लावायची. ‘तो येईपर्यंत थांब’: थांबणं चालू राहणार, ‘वेट अंटिल ही कम्स’. ‘तो येईपर्यंत स्वयंपाक होईल’: स्वयंपाक एकदाच पूर्ण व्हायचा आहे, ‘बाय द टाइम ही कम्स’. दोन्हीकडे ‘कम्स’च आहे, ‘विल कम’ नाही, हेही बघून ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट. आपण ‘सोमवारपर्यंत बंद’ म्हणतो तेव्हा सोमवार बहुधा बंदमध्येच धरतो. ‘क्लोज्ड अंटिल मंडे’ वाचणारा इंग्रज मात्र सोमवारी दार उघडं असेल असं समजून येण्याची शक्यता जास्त. दुकानाची किंवा दवाखान्याची सूचना लिहिताना ‘वी ओपन ऑन ट्यूजडे’ असं लिहून टाका, कुणाचा हेलपाटा होणार नाही. जागेसाठी ‘अंटिल’ वापरू नका: ‘स्टेशनपर्यंत सोडतो’ म्हणजे ‘ॲज फार ॲज द स्टेशन’.

‘दोन दिवसांत’ हाही असाच धोका. आपल्या ‘दोन दिवसांत पैसे देतो’चा अर्थ दोन दिवस संपायच्या आत, म्हणजे ‘विदिन टू डेज’. ‘इन टू डेज’ म्हटलं तर ऐकणारा परवाच्या दिवसाची वाट बघतो, म्हणजे मराठीत ‘दोन दिवसांनी’. उलट, ‘दहा मिनिटांनी फोन करते’ याला ‘आफ्टर टेन मिनिट्स’ न म्हणता ‘इन टेन मिनिट्स’ म्हणा.

‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळेला, ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होण्याआधी. गाडी ‘ऑन टाइम’ सुटते, आपण ती पकडायला ‘इन टाइम’ पोचतो.

एक रजेचा अर्ज

या सगळ्याचा खरा उपयोग कागदावर होतो, म्हणून वर्गात मी अर्ज लिहायला लावते. त्यातला नेहमीचा नमुना असा असतो: ‘आय हॅव फीवर सिन्स टू डेज. आय विल नॉट कम ऑन ड्यूटी बाय थर्सडे. आय विल जॉइन ऑन नेक्स्ट फ्रायडे. आय विल सबमिट द सर्टिफिकेट टिल सॅटर्डे.’

एकेक वाक्य घेऊ. दोन दिवस हा मोजलेला काळ, म्हणून ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज’. रजा ही गुरुवारपर्यंत चालू राहणारी स्थिती, म्हणून ‘आय विल बी ऑन लीव्ह अंटिल थर्सडे’. इथे ‘बाय’ ठेवला तर साहेबांना वाक्यच लागणार नाही. ‘नेक्स्ट’च्या आधीचा ‘ऑन’ काढायचा. पण ‘नेक्स्ट फ्रायडे’ म्हणजे हा शुक्रवार की पुढच्या आठवड्यातला, यावर इंग्रज लोकांचंही एकमत नसतं, तेव्हा सरळ वार आणि तारीख द्या: ‘आय विल बी बॅक ऑन फ्रायडे, 14 जून’. या तारखेमुळे ‘अंटिल थर्सडे’मधला गुरुवार रजेत धरला की नाही, हाही प्रश्न मिटतो. सर्टिफिकेट एकदाच द्यायचं आहे, म्हणून ‘बाय सॅटर्डे’.

सरावासाठी याद्या पाठ करू नका, असं मी कळकळीने सांगते. नुसता ‘ॲट’ पाठ होत नाही, ‘ॲट नाइट’ पाठ होतो. प्रिपोझिशन नेहमी त्याच्या नामासकट उचला. रोज इंग्रजी पेपरमधली एकच बातमी घ्या, त्यातली वेळेची आणि जागेची प्रिपोझिशन नामासकट अधोरेखित करा, मग पेपर झाकून तीच बातमी घरात कुणाला तरी मोठ्याने इंग्रजीतून सांगा. चुका कुठे होतात ते आपल्याच कानाला ऐकू येतं. रिकाम्या जागा भरण्याचा सराव परीक्षेपुरता ठीक आहे, पण बोलताना कुणी जागा आखून देत नाही.

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत म्हणून बघा, मग पुढे वाचा. ‘बाबा येईपर्यंत दार उघडू नकोस.’ ‘बाबा येईपर्यंत भाकरी होतील.’ ‘दवाखाना मेडिकलच्या समोर, पहिल्या मजल्यावर आहे.’ ‘हे औषध आठ दिवसांपासून चालू आहे.’ ‘गेल्या रविवारी आम्ही पन्हाळ्यावर गेलो.’

पहिलं ‘डोन्ट ओपन द डोअर अंटिल बाबा कम्स’: दार बंद राहण्याची स्थिती चालू आहे. दुसरं ‘द भाकरीज विल बी रेडी बाय द टाइम बाबा कम्स’. तिसरं ‘द क्लिनिक इज ऑन द फर्स्ट फ्लोअर, ऑपोझिट द मेडिकल शॉप’, अर्थात मेडिकल रस्त्यापलीकडे असेल तर. चौथ्यात ‘पासून’ला फसून ‘सिन्स’ म्हणू नका, आणि आकड्यालाही फसू नका. आपले ‘आठ दिवस’ म्हणजे बहुधा एक आठवडा असतो आणि ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. म्हणून ‘शी हॅज बीन ऑन धिस मेडिसिन फॉर अ वीक’. डॉक्टरांसमोर बोलत असाल तर दिवस खरोखर मोजून सांगा, तिथे ‘एट डेज’ म्हणजे आठच. पाचव्यात ‘लास्ट संडे’च्या आधी काही नाही, आणि पन्हाळ्याचा ‘वर’ इथे ‘टू’ होतो, कारण तुम्ही तिथे गेलात, चाल आहे: ‘लास्ट संडे वी वेंट टू पन्हाळा’. तिथे पोचल्यावर घरी फोन केलात तर ‘वी आर ॲट पन्हाळा’.